अख्खी पार्टी चोरपावलांनी आत न्यायची असेल तर: डीएमसाठी ग्रुप स्टेल्थचं गणित आणि थोडं डोकं

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डीअँडडीसारख्या रोलप्लेइंग गेममध्ये पार्टी (प्लेअर्सच्या पात्रांची टोळी) दबकत निघाली की डीएमच्या (गेम चालवणाऱ्याच्या) तोंडून आपोआप एकच वाक्य निघतं, "चला, सगळ्यांनी स्टेल्थ रोल करा", म्हणजे लपण्यासाठी वीस बाजूंचा फासा (डी२०) टाका, आणि तिथेच माशी शिंकते. चारातल्या एकाचा ३ पडतो, बहुतेक वेळा चेनमेलवाल्याचाच (चेनमेल म्हणजे कड्यांचं खणखणतं चिलखत), पहारेकऱ्याला चाहूल लागते आणि दोन मिनिटांत इनिशिएटिव्ह, म्हणजे मारामारीत कोणाची पाळी आधी याचा रोल. असं चार-पाच वेळा झालं की प्लेअर्स शहाणे होतात, म्हणजे लपूनछपून काही करायच्या भानगडीतच पडत नाहीत, सरळ दार तोडतात. मग डीएम तक्रार करतो की आमची पार्टी नुसती मारामारी करते. बाबा, तूच शिकवलंस त्यांना.

आधी आकडे बघू, कारण प्लेअर्सच्या नशिबाचा यात फारसा दोष नाहीये, दोष रोल मागायच्या पद्धतीचा आहे. डीअँडडीच्या पाचव्या एडिशनमधला साधा गार्ड घ्या, पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरायची सावधगिरी) १२, म्हणजे लपणाऱ्याचा फासा अधिक बोनस मिळून १२ तरी यायला हवेत. पार्टीत रोगचा (चोर) स्टेल्थ +७, रेंजरचा (रानातला वाटाड्या) +५, विझार्डचा (जादूगार) +२ आणि पॅलाडिनचा (चिलखती योद्धा) +० वर चेनमेलचा डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून छोटा धरायचा. एकेकट्याचं बघितलं तर रोगला ८० टक्के चान्स, रेंजरला ७०, विझार्डला ५५, पॅलाडिनला साधारण २०. आता "सगळे पास झाले तरच पास" असं धरलं तर हे चारही एकमेकांशी गुणायचे, आणि उत्तर येतं जेमतेम ६ टक्के. आणि हा गार्ड म्हणजे कोणी ड्रॅगन नाही, पगारी माणूस आहे, गेममधला सगळ्यात सामान्य.

उलट बाजूने तर अजून वाईट. काही डीएम म्हणतात की मी गार्डांसाठी पण रोल करतो, फेअर वाटतं. चार गार्ड, चार रोल, आणि त्यातल्या कोणालाही दिसलं की दिसलं, म्हणजे हिशोबात फक्त सगळ्यात मोठा फासा. चार डी२० मधला सगळ्यात मोठा आकडा सरासरी साडेसोळाच्या आसपास येतो आणि सगळ्यात छोटा साडेचारच्या आसपास. तुम्ही पार्टीचा सगळ्यात छोटा फासा गार्डांच्या सगळ्यात मोठ्या फाश्याशी लढवताय. बारा पॉइंटांची दरी आहे ही, त्यात रोगचं +७ काय करणार. त्यामुळे पहिला नियम माझा असा की एका वेळी एकाच बाजूने फासे टाकायचे. पार्टी लपतेय तर पार्टी रोल करेल, गार्डांचा आकडा पॅसिव्ह, म्हणजे १० अधिक मॉडिफायर (तो + चा आकडा), विषय संपला.

मग पार्टीचे चार रोल करायचे काय? पाचव्या एडिशनमध्येच उत्तर आहे, ग्रुप चेक. सगळ्यांनी रोल करायचा, निम्मे किंवा जास्त पास झाले तर अख्खी पार्टी पास. वरच्याच चौघांना हे लावलं तर ६ टक्क्यांचे थेट ८१ टक्के होतात. त्याच कॅरेक्टर शीट, तोच गार्ड, नुसता वाचायचा नियम बदलला. एवढा फरक कुठल्याच जादूच्या बुटांनी पडत नाही.

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप म्हणजे "पण पॅलाडिन खणखणत चाललाय, तो ऐकू कसा नाही येणार?" अरे म्हणूनच तर बाकीचे आहेत ना. रोगने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, गार्ड खोकला तेवढ्यात पॅलाडिनला पुढे ढकललं, विझार्डने त्याच्या ढालीचा पट्टा घट्ट धरून ठेवला. फासे आधी पडतात, गोष्ट नंतर सांगायची, आणि ती प्लेअर्सकडूनच वदवून घ्यायची. जो पास झालाय त्याला विचारा की जो नापास झाला त्याला तू कसं सांभाळलंस. एका वाक्याचं उत्तर पुरतं. हे केलं नाही तर ग्रुप चेक नुसता सरासरी काढल्यासारखा कोरडा वाटतो आणि आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं खरं ठरतं.

एक बारीक खोच मात्र लक्षात ठेवा. "निम्मे" हा शब्द विषम संख्येला महागात पडतो. चार जण असतील तर दोघं पुरतात, पाच असतील तर तिघं लागतात. प्रत्येकाचा चान्स ५०-५० धरला तर चार जणांची पार्टी ६९ टक्के वेळा पास होते, पाच जणांची ५० टक्के आणि सहा जणांची परत ६६ टक्के. म्हणजे पाचवा मित्र आला आणि अचानक लपणं अवघड झालं. पाच जणांच्या टेबलवर मी दोन पासवर काम चालवतो, पण त्या रोलमध्ये काहीतरी छोटी किंमत मोजायला लावतो. कोणी काटेकोर असेल तर त्याने तीनच ठेवावेत, काही बिघडत नाही, फक्त आधी सांगा.

आणि ग्रुप चेक कुठे लावायचा नाही हे पण बघा. पार्टी एकत्र, एकाच रस्त्याने, एकच काम करत असेल तरच. रोग छपरावर आणि बाकीचे गटारात असतील तर ते दोन वेगळे रोल आहेत. दबा धरून हल्ला करायचा असेल तिथे पण जरा वेगळं आहे. पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या नियमांत जे लपलेत त्या प्रत्येकाचा स्टेल्थ समोरच्या प्रत्येकाच्या पॅसिव्हशी ताडून बघायचा, आणि ज्याला कोणीच दिसलं नाही तो सरप्राइज्ड, पहिल्या टर्नला ना हलता येतं ना ॲक्शन घेता येते. थोडक्यात एक पॅलाडिन दिसला की समोरच्याचं सरप्राइज गेलं. २०२४ मध्ये हे बरंच मऊ केलंय, सरप्राइज्ड असलं तर फक्त इनिशिएटिव्हला डिसॲडव्हांटेज. आणि लपायला आता सरळ डीसी (गाठायचा आकडा) १५ आहे, आड किंवा दाट अंधार हवा आणि शत्रूच्या नजरेत नको, पास झालात तर जो टोटल आला तोच तुम्हाला शोधणाऱ्याचा डीसी. मारामारीत हे ठीक चालतं. पण अख्ख्या पार्टीला अंगण ओलांडायचंय तिथे प्रत्येकाला १५ मागत बसलात तर परत ६ टक्क्यांच्या खड्ड्यात, किंबहुना त्याच्याही खाली. तिथे ग्रुप चेकच घ्या.

बाकी सिस्टिम्सनी हाच प्रश्न कसा सोडवलाय ते बघण्यासारखं आहे, तुम्ही त्या खेळत नसलात तरी. पाथफाइंडरच्या दुसऱ्या एडिशनमध्ये "फॉलो द एक्स्पर्ट" आहे, एक जण वाट दाखवतो आणि मागचे त्याची नक्कल करतात, अनट्रेंड (न शिकलेला) असला तरी रोलमध्ये आपलं लेव्हल धरतो आणि पुढचा एक्स्पर्ट असेल तर +२, मास्टर +३, लेजंडरी +४. वर "क्वाएट अलाइज" नावाचा फीट (कॅरेक्टरची खास हातोटी) घेतला तर सगळ्यांचा मिळून एकच रोल, सगळ्यात कमी मॉडिफायर वापरून. ऐकायला शिक्षा वाटते पण नाहीये, कारण चार फाश्यांतला सगळ्यात छोटा घेण्यापेक्षा एक फासा कमी मॉडिफायरने टाकणं कितीतरी बरं. ब्लेड्स इन द डार्कमध्ये तर उलटंच, सगळे रोल करतात आणि सगळ्यात चांगला निकाल अख्ख्या टोळीचा धरतात, फक्त ज्या कोणाचा १ ते ३ आला त्या प्रत्येकामागे लीडरला एक स्ट्रेस (ताणाचा पॉइंट). म्हणजे अडाण्यांना सोबत नेता येतं पण भुर्दंड उस्तादाला. मला ही कल्पना फार आवडते, आणि डीअँडडीत पण चोरून आणता येते, रोगला म्हणा की नापास झालेल्या एकाला तू वाचवू शकतेस पण पुढच्या रोलला तुला डिसॲडव्हांटेज. आणि डीअँडडीच्याच १९८१ च्या बेसिक सेटमध्ये तर अख्ख्या बाजूसाठी एकच डी६, १ किंवा २ आला की ती बाजू गाफील. जुनी लोकं एवढ्यावर भागवत होती, आणि मजा काही कमी नव्हती.

आता रोल कधी मागायचा, जे माझ्या मते कसा मागायचा याच्याहून महत्त्वाचं आहे. प्लेअर म्हणाला "आम्ही दबकत जातो" की लगेच फासे नाही काढायचे. दबकत जाणं हा त्यांचा पवित्रा झाला, नोंद करून ठेवा, आणि जेव्हा खरंच कोणीतरी ऐकू किंवा बघू शकेल अशी जागा येईल तेव्हा रोल मागा. आणि मग तो रोल त्या अख्ख्या अडथळ्यासाठी चालू द्या. अंगणाला एक रोल, दाराला एक, जिन्याला एक असं करत गेलात तर ८१ टक्क्यांचे तीन रोलमध्ये ५३ होतात, म्हणजे तुम्ही ग्रुप चेक देऊन जे हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. परिस्थिती बदलली, गार्ड बदलले, प्लॅन बदलला, तरच नवा रोल. आणि बऱ्याचदा रोलची गरजच नसते हो. झोपलेला गार्ड, वीस पावलांवर, मधे बंद दार, काय रोल करताय? जाऊ द्या की. उलट उघड्या मैदानात भर दुपारी चौघं गार्डासमोरून चाललेत आणि रोगचा २७ आला, तरी दिसणारच. फासा जिथे शंका आहे तिथेच.

नापास झालं म्हणजे काय, हे जर तुमच्या डोक्यात फक्त "गजर वाजला" एवढंच असेल तर वरचं सगळं गणित वाया. मी तीन पायऱ्या धरतो. पहिली, चाहूल: कोणाचे तरी कान टवकारले, पण त्याला अजून मांजर वाटतंय. दुसरी, शोध: कंदील घेऊन कोणीतरी बघायला येतंय. तिसरी, बोंबाबोंब. आणि ग्रुप चेकमध्ये किती जण पडले त्यावरून ठरवायचं. चारातला एक पडला तर काहीच नाही, साफ सुटले. दोन पडले तर पास आहेत पण एक किंमत द्या, वेळ गेला किंवा चिखलात बुटाचा ठसा उमटला किंवा बाणांचा भाता कुंपणात अडकून राहिला. तीन पडले तर एक पायरी वर. चारही पडले तर दोन पायऱ्या. म्हणजे पहिल्याच रोलला बोंबाबोंब कधीच होत नाही, आणि प्रत्येक पायरीवर प्लेअर्सना काहीतरी करायला एक संधी मिळते. ही संधी म्हणजेच खरा गेम आहे, रोल तर नुसता तिथपर्यंत नेतो.

टेबलवर हे कसं दिसतं ते सांगतो. हवेलीचं मागचं अंगण, दोन गार्ड, एक बांधलेला मॅस्टिफ. रोलच्या आधीच मी सांगून टाकतो, "हे बघा, विहिरीपासून भटारखान्याच्या दारापर्यंत जायचंय, गार्डांचं १२, पडलात तर लगेच मारामारी नाही पण ते बघायला येतील. कुत्र्याचं काय करताय?" कुत्र्याचं आधीच विचारतो कारण २०१४ च्या नियमांत मॅस्टिफचं पॅसिव्ह १३ आहे, आणि कान-नाकाने चाहूल घ्यायला त्याला ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा) म्हणून वर +५, म्हणजे १८, तो आकडा ग्रुप चेकमध्ये धरला तर पार्टी तीनात जेमतेम एकदा पास होते. कुत्रा हा रोलचा डीसी नसून वेगळा प्रश्न आहे. रेंजर म्हणाला वाऱ्याच्या उलट बाजूने जाऊ आणि सुकं मांस टाकतो. छान, कुत्रा मिटला, त्यासाठी फासा नाही.

मग रोल पडले. रोग १९, बाकी रेंजर ९, विझार्ड ११, पॅलाडिन ५. तीन पडले, एक पायरी वर. मी म्हणालो, "पॅलाडिन, तुझा गुडघ्याचा पत्रा विहिरीच्या कठड्याला लागला. टण्. एक गार्ड बोलायचा थांबला. 'ऐकलंस का काही?' तुमच्याकडे एक श्वास आहे, कोण काय करतंय?" आणि इथे थांबायचं. रोल मागायचा नाही. पॅलाडिन म्हणाली मी जिथे आहे तिथेच खाली बसते, अजिबात हलत नाही. विझार्डने मेज हँडने (जादूच्या हाताने) पलीकडच्या भिंतीपाशी बादली पाडली. गार्ड तिकडे गेला. बस, रस्ता मोकळा. पण चाहुलीची पायरी तशीच राहिली, पुढच्या वेळी पडले तर गार्ड कंदील घेऊनच येईल. अख्ख्या प्रकाराला पाच मिनिटं लागली आणि टेबलवर एकही माणूस फोन बघत नव्हता.

आता गार्डांना नक्की काय दिसतं-ऐकतं याबद्दल थोडं, कारण इथे बरेच डीएम अंदाजपंचे चालतात. अंधुक उजेडात डोळ्याने बघायच्या पर्सेप्शनला डिसॲडव्हांटेज असतो, पॅसिव्हमध्ये तो -५ होतो. आणि डार्कव्हिजनवाले (अंधारात बघू शकणारे) गार्ड म्हणजे सगळं लख्ख दिसतं असं नाही, त्यांना पूर्ण अंधार हा अंधुक उजेडासारखा दिसतो, म्हणजे त्यांनाही -५. हे लोक सर्रास विसरतात. पण अंधारात कान काही कमी ऐकत नाहीत, म्हणून खणखणाट करणारं कोणी पार्टीत असेल तर मी पूर्ण -५ देत नाही, आवाजासाठी १२ च ठेवतो. पार्टीकडे मशाल असेल तर तो विषयच वेगळा, मशालीचा लख्ख उजेड २० फूट आणि पुढचे २० फूट अंधुक, पण ज्योत स्वतः अंधारात कितीतरी लांबून दिसते. मशाल घेऊन स्टेल्थ रोल मागणाऱ्याला फक्त एवढंच विचारा, "मशाल विझवलीत का?"

आवाज किती लांब जातो यासाठी डीएम स्क्रीनवर (डीएम आपली टिपणं झाकायला समोर ठेवतो तो पुठ्ठा) एक तक्ता आहे तो कामाचा आहे. आवाज न करता जायचा प्रयत्न असेल तर २डी६ गुणिले ५ फूट, साधा आवाज २डी६ गुणिले १० फूट, आणि जोरात काही झालं तर २डी६ गुणिले ५० फूट. म्हणजे दबकत जाणारी पार्टी सरासरी ३५ फुटांवर ऐकू येऊ शकते. गार्ड १०० फुटांवर असेल तर रोल कशाला? हा एकच तक्ता निम्मे फालतू रोल वाचवतो.

"पास विदाऊट ट्रेस" या लपवणाऱ्या स्पेलबद्दल सगळे डीएम रडतात म्हणून बोलतोच. सगळ्यांना +१०, ३० फुटांच्या आत, कॉन्सन्ट्रेशन (टाकणाऱ्याने लक्ष टिकवायचं), तासभर. आपल्या पॅलाडिनच्या २० टक्क्यांचे, डिसॲडव्हांटेज धरूनसुद्धा, ९० होतात. मग डीएम चिडून गार्डांचा डीसी २२ करतो, जे अत्यंत चुकीचं आहे, त्या प्लेअरने सेकंड लेव्हलचा स्लॉट (मोजक्या स्पेलपैकी एक) खर्च केलाय, त्याला त्याचं फळ मिळू द्या. रोल मागूच नका हवं तर, सरळ म्हणा की अंगण पार झालं. पण स्पेलने कुलूप उघडत नाही, दाराशी उभा असलेला माणूस बाजूला होत नाही, आणि कोणी अदृश्यही होत नाही. अडचण आकड्यात नको, जागेत ठेवा.

उलटा सीन, म्हणजे पार्टीवरच कोणी दबा धरून बसलंय, तिथे तर अजिबात "पर्सेप्शन रोल करा" म्हणायचं नाही. म्हणालात की सगळ्यांना कळलं काहीतरी आहे, आणि मग नापास झालेला प्लेअर पण "मी सहज ढाल काढून ठेवते" सुरू करतो. सगळ्यांचे पॅसिव्ह एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनमागे चिकटवून ठेवा, कॅरेक्टरने लेव्हल घेतलं की बदला. शत्रूंचे रोलसुद्धा एकेकट्याचे नकोत. सहा गॉब्लिन असतील तर +६ ने एकच फासा, सगळ्या टोळीचा. सहा वेगळे टाकलेत तर कोणीतरी पडणारच आणि तुमचा ॲम्बुश दर वेळी फुसका. पार्टी जोरात पळत चाललेली असेल तर फास्ट पेसचा पॅसिव्हला -५ असतो, तो पण प्लेअर्सना आधी सांगा, म्हणजे घाई करायची का नाही हा त्यांचा निर्णय होतो. आणि रांगेत पुढे कोण, मागे कोण, हे विचारून ठेवा. पुढून येणारं संकट पुढच्या दोघांच्याच पॅसिव्हशी ताडा, नाहीतर मागे बसलेला पॅसिव्ह १८ वाला क्लेरिक (पुजारी) अख्ख्या पार्टीचे डोळे होऊन बसतो आणि बाकी कोणाच्या पर्सेप्शनला काही अर्थ उरत नाही.

राहिला प्रश्न एकट्याने पुढे जाणाऱ्या रोगचा. ही पद्धत फार जुनी आहे, पहिल्या ॲडव्हान्स्ड डीअँडडीत धातूचं चिलखत न घातलेला एल्फ पार्टीच्या ९० फूट पुढे असेल तर डी६ वर ४ पर्यंत सरप्राइज मिळायचं, म्हणजे नियमच सांगत होते की पुढे जा. वाईट काहीच नाही, फक्त बाकीचे तिघं अर्धा तास नुसते बसून राहतात. मी रोगला दोन रोलपुरतं पुढे सोडतो, मग कॅमेरा मागे वळवतो, मागच्यांना विचारतो तिला गेल्याला किती वेळ झाला की तुम्ही हलाल, आणि हे उत्तर तिच्यासमोरच घेतो. दुसरा रोल पडला तर काय झालं हे लगेच सांगत नाही, आधी मागच्यांना जे ऐकू आलं ते सांगतो, एक शिट्टी, मग धावत्या पावलांचा आवाज, आणि पुढचा निर्णय त्यांचा. रोगवाली तोपर्यंत गप्प. परतायची खूण काय, हे मात्र ती निघायच्या आधी ठरवून घ्यायला लावा, नाहीतर "आम्ही तर ठरवलंच होतं ना" यावर अर्धा तास जातो.